करारानंतरची सभा

रत्नागिरी सोडून गाडी दक्षिणेला निघाली की थोड्या वेळात पानवलचा पूल लागतो. पावसाळा नुकताच संपला होता, दरीतली झाडी अजून ओली होती आणि दारात उभे असलेले दोन तरुण पूल 64 मीटर उंच असल्याचे एकमेकांना सांगत होते. त्यांतल्या एकाने पुढे माहिती पुरवली, की ही कोकण रेल्वे तेव्हाचे रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्यामुळे झाली. माझ्या समोर खिडकीशी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. गाडी चढावर आहे की उतारावर, हे केवळ आवाजावरून कळत असल्यासारखे ते कान लावून गप्प होते. ते नाव ऐकल्यावर त्यांनी मान वळवली. मग बोलणे सुरू झाले, आणि कळले की ते कल्याणच्या लोको शेडमध्ये फायरमन होते, 1974 च्या देशव्यापी रेल्वे संपात बडतर्फ झाले होते आणि 1977 मध्ये पुन्हा कामावर घेतले गेले होते. आता गावी राहतात. मला वाटले, ते जॉर्ज यांच्याविषयी भरभरून बोलतील. ते म्हणाले, "गाड्या बंद केल्या तेव्हा आम्ही त्यांच्याबरोबर होतो. ही लाइन सुरू झाली तेव्हा ऊर भरून आला. पण बाकीचं त्यांनी आम्हाला येऊन कधी सांगितलं नाही. आमच्यात पद्धत होती, करार झाला की गेटवर यायचं आणि वाचून दाखवायचं." पुढे बोगदा आला आणि डब्यात इतका आवाज भरला की बोलणे थांबले. कणकवलीला ते उतरून गेले.

त्यांच्या बोलण्यात राग असता, तर मी ते कदाचित विसरलो असतो. त्यात राग नव्हता. एखाद्या जुन्या हिशेबातली एक नोंद राहून गेली आहे आणि ती आता कोणी भरणार नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते.

गेट मीटिंग म्हणजे काय, हे मला माझ्या काकांमुळे ठाऊक आहे. ते मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर होते. वडाळा डेपोच्या फाटकाशी पाळी बदलण्याच्या वेळेला सभा असायची. सुटलेले कामगार घामेजलेल्या खाकीत आणि कामावर येणारे धुतलेल्या खाकीत, असे दोन रंग तिथे एकमेकांत मिसळायचे. डिझेलचा, ओल्या कापडाचा आणि कंडक्टरांच्या चामडी पिशव्यांतल्या नाण्यांचा एक वास हवेत असायचा. पुढारी एखाद्या स्टुलावर किंवा टेंपोच्या फळीवर उभा राहायचा. संप पुकारायचा असेल तेव्हा भाषण लांबायचे, घोषणा व्हायच्या, मुठी वर जायच्या. करार झाल्यावरची सभा मात्र वेगळी असे. तिथे कागद वाचला जाई: मूळ पगारात किती, महागाई भत्त्यात किती, थकबाकी कधी, धुलाई भत्ता मिळाला की नाही, निलंबित झालेल्यांचे काय. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडायचा, "आणि टेंपररीवाल्यांचं काय?" आणि त्या प्रश्नाला उत्तर देणे पुढाऱ्याला भागच असे, कारण उद्या त्याच फाटकाशी त्याला पुन्हा उभे राहायचे असे. काकांच्या मते पुढाऱ्याची खरी परीक्षा या दुसऱ्या सभेत होते. संप कोणीही करील, ते म्हणत. पण मागितले होते शंभर आणि मिळाले साठ, हे शंभराची आशा धरून बसलेल्या माणसांना तोंडावर सांगायला छाती लागते.

जॉर्ज यांना मी प्रथम पाहिले ते अशाच एका सभेत, काकांच्या खांद्यावर बसून. चुरगळलेला सदरा, जाड काड्यांचा चष्मा, विस्कटलेले केस, आणि मंगळुरी कोकणीचा किंचित हेल असलेले मराठी. मला त्यांच्या भाषणातले काहीही आठवत नाही. आठवते ते एवढेच, की ते बोलायचे थांबले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक प्रश्न विचारू लागले, आणि ते खाली वाकून, कानामागे हात धरून, एकेक प्रश्न ऐकत राहिले.

मुंबईने त्यांना घडवले असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि ते खरेही आहे. पण मुंबईला ते आले ते आधीच एक घर मोडून. 3 जून 1930 रोजी मंगळुरात जन्मलेल्या या मुलाचे नाव आईने पंचम जॉर्ज राजाच्या नावावरून ठेवले, कारण जन्मतारीख तीच. सोळाव्या वर्षी त्याला पाद्री होण्यासाठी बंगळुरूच्या सेमिनरीत धाडले. तिथे गुरुजनांचे ताट वेगळे आणि विद्यार्थ्यांचे वेगळे, हे त्याला सहन झाले नाही आणि तो बाहेर पडला. मग खिशात पैसा नसताना मुंबई, चौपाटीवरच्या रात्री, मध्यरात्री उठवून हुसकावणारा पोलीस, आणि पुढे एका वृत्तपत्रात मुद्रितशोधकाची नोकरी. गोदीत त्यांना प्लॅसिड डिमेलो भेटले. गोदी कामगारांच्या या पुढाऱ्याने जॉर्ज यांना हाताशी धरून शिकवले, आणि दुसरीकडे राममनोहर लोहियांनी त्यांना समाजवादी विचार दिला. डिमेलो 1958 मध्ये गेले. गोदीच्या भिंतीला लागून जाणाऱ्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे, आणि त्या रस्त्यावरून जाताना मला नेहमी वाटते की शिष्याचे भले आणि बुरे दोन्ही समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात इथूनच करावी. गोदीतला कामगार रोजंदार होता. आज काम, उद्या नाही. अशा माणसांना एकत्र बांधायचे म्हणजे धर्म, भाषा, गाव, कोण कोणत्या मुकादमाचा, हे सगळे बाजूला ठेवून समोरचा मालक एकच आहे, एवढ्या एका गोष्टीवर त्यांना उभे करायचे. जॉर्ज हे अगदी तरुण वयात शिकले आणि जन्मभर विसरले नाहीत.

पुढची वर्षे त्यांनी ज्या माणसांना संघटित केले, ती मुंबईच्या पोटातली माणसे होती. महापालिकेचे सफाई कामगार, बेस्टचे चालक-वाहक, टॅक्सीवाले. गिरणी कामगारांची चळवळ जुनी होती, तिला स्वतःचे नेते आणि स्वतःची गाणी होती. रात्री गटारात उतरणाऱ्या माणसाची किंवा दुसऱ्याच्या मालकीची टॅक्सी बारा तास चालवणाऱ्याची बाजू घेणारे फार थोडे होते. जॉर्ज महापालिकेत 1961 मध्ये नगरसेवक झाले, आणि टॅक्सीवाल्यांना कर्ज मिळावे म्हणून 1968 मध्ये कामगारांची सहकारी बँकही उभी राहिली. वृत्तपत्रे त्यांना बंदसम्राट म्हणत. बंदच्या दिवसांची माझी आठवण आवाजाची आहे. सकाळी उठल्यावर रस्त्यावरून काहीच ऐकू येत नसे, आणि त्या शांततेत आमच्या चाळीतल्या बायका नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलत. काका घरी असत, दाढी न करता, अस्वस्थ. त्या दिवसाचा पगार जाणार हे काकूंच्या चेहऱ्यावर दिसे. बंद मोठा झाल्याचा आनंद आणि महिनाअखेरची काळजी, दोन्ही एकाच खोलीत असत, आणि कोणतीही एक दुसरीला खोटी ठरवीत नसे.

1967 ची निवडणूक त्या चाळीत सणासारखी झाली. स. का. पाटील म्हणजे मुंबई काँग्रेस. तीन वेळा महापौर झालेले, आणि त्या वेळी केंद्रात रेल्वेमंत्री. संयुक्त समाजवादी पक्षाच्या एका नगरसेवकाने दक्षिण मुंबईत त्यांच्यासमोर उभे राहावे, हेच धाडस वाटत होते. प्रचाराचा सारा जोर एका गोष्टीवर होता: पाटलांना पाडता येते, आणि ते तुमच्या हातात आहे. काका रात्री उशिरा घरी आले तेव्हा त्यांच्या नखांत खळ अडकलेली असे. निकालाच्या रात्री त्यांनी मला झोपेतून उठवले. कामगारांच्या माणसाने दिल्लीला जाणे मुंबईला नवे नव्हते. 1957 मध्ये श्रीपाद अमृत डांगे याच शहरातून लोकसभेत गेले होते, आणि 1984 मध्ये काँग्रेसची लाट असतानाही दत्ता सामंत निवडून आले. पण डांगे पक्षाचे होते आणि सामंत शेवटपर्यंत कारखान्यांच्या फाटकांपाशीच राहिले. जॉर्ज हे यांतले एकटे, ज्यांना दिल्लीत खरोखर सत्ता मिळाली. म्हणून त्यांना लावायची कसोटीही एकट्याचीच आहे.

ते रेल्वेमंत्र्याला हरवून संसदेत गेले, सात वर्षांनी त्यांनी देशाची रेल्वे थांबवली आणि पुढे स्वतः रेल्वेमंत्री झाले. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा काळ या तीन घटनांमध्ये मावतो.

1971 मध्ये ते दक्षिण मुंबईत हरले होते. 1973 च्या अखेरीस ते ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले. इंजिनावर काम करणाऱ्यांचे तास हा तेव्हा जळता प्रश्न होता. फायरमन एकदा ड्यूटीवर चढला की घरी कधी परतेल, हे त्याच्या बायकोला सांगता येत नसे. इतर सार्वजनिक उद्योगांत मिळणारा बोनस रेल्वेत नव्हता. आठ तासांचे काम, बोनस, महागाई भत्ता, हंगामी कामगारांना कायम करणे, या मागण्यांसाठी राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन झाली आणि तिच्यात एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या संघटना शेजारी शेजारी बसल्या. लाल बावट्याच्या होत्या, भारतीय मजदूर संघाशी जोडलेल्या होत्या. याकडे मी पुढे परत येणार आहे, कारण मला वाटते, जॉर्ज यांच्या उत्तरायुष्याचे बीज या टेबलापाशी आहे. वाटाघाटी चालू असतानाच 2 मे 1974 रोजी लखनौमध्ये त्यांना अटक झाली. 8 मे रोजी संप सुरू झाला आणि सुमारे 17 लाख कामगार त्यात उतरले. सरकारने तो ज्या रीतीने मोडला, ते रेल्वेच्या वसाहतींत अजून सांगितले जाते: रात्री क्वार्टरांची दारे ठोठावणे, सामान बाहेर फेकणे, पाणी तोडणे, पुरुष सापडला नाही तर बायकामुलांना धमकावणे. हजारो तुरुंगात गेले, हजारो बडतर्फ झाले, आणि जे परतले त्यांच्या डोक्यावर सेवेतल्या खंडाची टांगती तलवार राहिली. 27 मे रोजी संप संपला तो कोणताही करार न होता. वाचून दाखवायला कागदच नव्हता. पुढारी तुरुंगात होता. कल्याणचा तो फायरमन तीन वर्षे भाजीच्या टोपल्या वाहत होता, हे त्याने मला गाडीत फार साधेपणाने सांगितले.

हरलेला संप व्यर्थ जातो असे मला वाटत नाही. जनता सरकारात मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी बडतर्फ झालेल्यांना परत कामावर घेतले. रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी जोडलेला बोनस 1979-80 पासून मिळू लागला, आणि आज दसऱ्याच्या आधी तो जाहीर होतो तेव्हा ती बातमी कोणी 1974 शी जोडून वाचत नाही.

आणीबाणीत जॉर्ज भूमिगत झाले. 25 जून 1975 ला ते ओडिशाच्या किनाऱ्यावर गोपाळपूरला होते; तिथून कोळ्याच्या वेषात निघाले, पुढे दाढी वाढवून शिखाच्या वेषात फिरले, आणि 10 जून 1976 ला कलकत्त्यात पकडले गेले. त्यांचा पत्ता काढण्यासाठी भाऊ लॉरेन्स यांचा पोलिसांनी अमानुष छळ केला. त्यांच्या सहकारी, अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना बंगळुरूच्या तुरुंगात ठेवले. त्या दम्याने खंगल्या आणि सुटल्यानंतर काही दिवसांतच, जानेवारी 1977 मध्ये वारल्या. बडोदा डायनामाइट खटल्यात जॉर्ज पहिले आरोपी होते. सरकारी ठिकाणे आणि रेल्वेमार्ग उडवण्याचा कट, असा तो आरोप. या प्रकरणाविषयी माझे मन आजही एका जागी ठरत नाही. माणूस मरू नये ही काळजी घेऊन केलेला प्रतिकार, असे त्यांचे सहकारी सांगत आले आणि सारे मार्ग बंद केलेल्या सत्तेपुढे दुसरे काय करायचे, हा प्रश्न खोटा नाही. तरी ज्या रुळांवर लाइनमन आणि गँगमन पहाटे हातोडी घेऊन चालतात, त्या रुळांखाली सुरुंग ही कल्पना रेल्वे कामगारांच्या अध्यक्षाशी जोडली जावी, याने मी अस्वस्थ होतो. त्याच खटल्यात वीरेन शाह हे उद्योगपतीही आरोपी होते. कामगारनेता आणि कारखानदार एकाच पिंजऱ्यात उभे होते, कारण त्या वेळी दोघांसमोरचा प्रतिपक्ष एकच होता.

बेडी घातलेला हात उंचावलेले त्यांचे छायाचित्र काकांनी वर्तमानपत्रातून कापून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले होते. बाहेरून दिसू नये म्हणून आत. तेच छायाचित्र घेऊन 1977 मध्ये बिहारातल्या मुजफ्फरपूरने तुरुंगातल्या माणसाला तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून दिले. जो त्या गावचा नव्हता, ज्याला प्रचाराला येता येत नव्हते, त्याला.

तिथून सत्ता सुरू झाली, आणि इथून पुढे मला काकांच्या त्या दुसऱ्या सभेची आठवण वारंवार येते. उद्योगमंत्री म्हणून त्यांनी कोका-कोला आणि आयबीएम यांना परकी चलनाचा कायदा पाळायला सांगितले आणि त्या कंपन्या देश सोडून गेल्या. हे सर्वांना आठवते. जिल्हा उद्योग केंद्रे त्यांच्याच डिसेंबर 1977 च्या औद्योगिक धोरणातून आली, हे मात्र आपल्या तालुक्यातल्या छोट्या कारखानदारालाही माहीत नसते. काम चालू होते. मग जुलै 1979 आला. यशवंतराव चव्हाणांनी अविश्वासाचा ठराव आणला, आणि जॉर्ज यांनी लोकसभेत मोरारजींच्या सरकारची अशी जोरदार बाजू मांडली की ऐकणारे थक्क झाले. काही दिवसांतच त्यांनी त्याच सरकारचा राजीनामा दिला आणि ते चरणसिंगांच्या बाजूला गेले. जुन्या समाजवादी सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे, मैत्रीमुळे, जनसंघीयांच्या दुहेरी सदस्यत्वाच्या, म्हणजे जनता पक्षात असूनही राष्ट्रीय स्वयंसेवक संघात राहण्याच्या, प्रश्नामुळे: कारणे पुष्कळ सांगितली गेली, आणि त्यांतली काही खरीही असतील. काकांना त्या कारणांचे फारसे काही नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की भूमिका बदलली तर बदलली, पण ज्यांनी तीन लाखांनी निवडून दिले आणि ज्यांनी तुमच्यासाठी नोकऱ्या घालवल्या, त्यांच्यापुढे उभे राहून सांगायला हवे होते. कपाटाच्या आतले छायाचित्र त्यांनी काढले नाही. त्याच्यावर शर्ट टांगू लागले.

मी पुष्कळ वर्षे हा सगळा प्रकार सत्तेच्या मोहाचा समजत असे. आता तसे वाटत नाही. मला वाटते, जॉर्ज गोदीत जे शिकले तेच दिल्लीत करत राहिले. युनियनच्या लढ्यात समोर एकच मालक असतो आणि त्याच्याविरुद्ध जो येईल त्याला बरोबर घ्यायचे असते. शेजारी बसलेला कोणता झेंडा लावतो, हा प्रश्न लढा संपेपर्यंत पुढे ढकलायचा असतो. 1974 ची समन्वय समिती अशीच होती. लोहियांच्या गैरकाँग्रेसवादाने या सवयीला तत्त्वाचे बळ दिले. काँग्रेस हा कायमचा मालक ठरला, आणि मग त्याच्या विरोधातल्या प्रत्येक आघाडीत जॉर्ज यांना गोदीतली एकजूट दिसू लागली. म्हणून ज्यांच्या दुहेरी सदस्यत्वावरून 1979 मध्ये समाजवादी भांडले, त्यांच्याशी, म्हणजे एव्हाना भारतीय जनता पक्ष झालेल्यांशी, 1996 मध्ये जॉर्ज यांच्या समता पक्षाने युती केली, आणि पुढे राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे निमंत्रकपद जॉर्ज यांनी अत्यंत कौशल्याने सांभाळले. रुसलेल्या मित्रपक्षाची समजूत घालायला, मध्यरात्री फोन करायला, प्रत्येकाला काय हवे आणि कितीवर तो ऐकेल हे ओळखायला, त्यांच्यासारखा दुसरा माणूस त्या आघाडीत नव्हता. हे कसब नकली नव्हते. ते गेटवरूनच आले होते.

फरक एकच होता, पण तो फार मोठा होता. कामगारांच्या करारात काय दिले आणि काय मिळवले, हे रुपयांत आणि तासांत मोजता येते. मागच्या रांगेतल्या माणसालाही ते पगाराच्या दिवशी कळते. तडजोड म्हणूनच तिथे लाजिरवाणी नसते. राजकीय आघाडीत आपण काय सोडून दिले, ते लगेच मोजता येत नाही. ते पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या घरातून वसूल होते, आणि तो माणूस आपल्या सभेला नसतो.

या सगळ्यात एक जागा अशी आहे, जिथे कामगारनेता आणि मंत्री हे दोघे अगदी एकजीव झालेले दिसतात, आणि ती म्हणजे कोकण रेल्वे. विश्वनाथ प्रताप सिंगांचे सरकार पुरते वर्षभरही टिकले नाही. तेवढ्या अवधीत, जुलै 1990 मध्ये, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी झाली. रेल्वेमंत्री जॉर्ज, अर्थमंत्री मधू दंडवते, नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे; किनाऱ्याचे दुःख जाणणारी तीन माणसे नेमक्या तीन खुर्च्यांवर एकाच वेळी होती. अंदाजपत्रकातून एवढा पैसा कधीच मिळाला नसता, म्हणून स्वतंत्र कंपनी काढली. केंद्राचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, कर्नाटकाचे 15, गोवा आणि केरळ यांचे प्रत्येकी 6, आणि उरलेला पैसा रोख्यांतून. राज्या-राज्यांत भाग किती कोणी उचलायचा यावर चार सरकारांना एका टेबलाशी बसवून सही घ्यायची, हे काम वेतनकराराच्या वाटाघाटींहून वेगळे नाही. ई. श्रीधरन यांच्यावर काम सोपवले आणि पुढे त्यांना ते करू दिले. 92 बोगदे, जवळपास 2000 लहान-मोठे पूल. भुसभुशीत मातीच्या बोगद्यांत आणि दरडींखाली कामगारांचे बळीही गेले; ती माणसे कंत्राटदारांची होती. 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग खुला झाला. मुंबईतून मंगळूरपर्यंत, म्हणजे ज्या वाटेने तो तरुण घर सोडून आला असेल, तिला समांतर. हा असा करार आहे, जो कोणालाही वाचून दाखवावा लागत नाही. गणपतीला जाणारा चाकरमानी त्यातून उभ्याने प्रवास करतो.

त्यानंतरची वर्षे संरक्षण मंत्रालयाची. मे 1998 मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या. अण्वस्त्रांना एकेकाळी कडाडून विरोध करणारा माणूस तेव्हा संरक्षणमंत्री होता. सियाचीनला ते पुन्हा पुन्हा गेले, आणि जवानांना हव्या असलेल्या बर्फावरच्या गाड्यांची फाइल अडवून बसलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी तिथली थंडी अनुभवायला पाठवले. ही गोष्ट काकांना फार आवडत असे. "बघ, गेटवरची सवय गेली नाही," ते म्हणाले होते. दिल्लीतल्या त्यांच्या सरकारी घरात ब्रह्मदेशातले निर्वासित विद्यार्थी राहत, तिबेटी येत-जात, आणि मंत्री स्वतःचे कपडे स्वतः धूत. मार्च 2001 मध्ये संरक्षण खरेदीतली लाचखोरी दाखवणाऱ्या तेहलकाच्या चित्रफितींनंतर त्यांना राजीनामा द्यावा लागला, ऑक्टोबरात ते परतले आणि विरोधकांनी संसदेत त्यांच्यावर बहिष्कार घातला. कारगिलच्या शहिदांसाठी घेतलेल्या शवपेट्यांत पैसे खाल्ल्याचा आरोप तर त्यांना फारच लागला असणार. तपासात त्यांच्याविरुद्ध काही सापडले नाही, पण तोवर घोषणा लोकांच्या तोंडात बसली होती. या दोन्ही प्रकरणांत मी त्यांच्या बाजूने आहे. पैशाला न शिवलेल्या माणसाला पैशावरून बोल लागावा, हे मला तेव्हाही अन्यायाचे वाटले.

2002 च्या गुजरात दंगलींचे तसे नाही. मार्चच्या आरंभी लष्कर उतरत असताना ते अहमदाबादेत गेले होते, जळत्या शहरात फिरले होते. त्यांनी पाहिले होते. आणि तरी एप्रिलअखेरीस लोकसभेत गुजरातवर चर्चा झाली तेव्हा, बायकांवर जे अत्याचार झाले ते या देशात पहिल्यांदा घडत आहेत काय, अशा अर्थाचे ते बोलले. काका तोवर निवृत्त होऊन थकले होते. दूरदर्शनवर ते भाषण चालू असताना त्यांनी आवाज बंद केला आणि चित्र तसेच ठेवले. हात हलत होते, चष्मा तोच होता. मला त्या भाषणासाठी सबब शोधता येत नाही आणि मी ती शोधूही इच्छित नाही. आघाडी टिकवण्याच्या सवयीने ते तसे बोलले, हे मला कळते. पण गोदीतल्या एकजुटीत कोणाचा धर्म विचारायचा नाही, ही पहिली अट होती. ज्या संयुक्त आघाडीसाठी ती अटच सोडावी लागते, तिला त्यांनी ती जुनीच आघाडी समजावे, ही त्यांच्या आयुष्यातली मला सर्वांत दुखवणारी गोष्ट आहे. त्या बोलण्याचा जाब मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी विचारला असता. त्यांच्या युनियनमध्ये उत्तरेतले मुसलमान चालक थोडे नव्हते, आणि 1992-93 च्या दंगलीत त्यांच्या टॅक्सी जळाल्या होत्या. पण त्यांच्यापुढे उभे राहण्याचा प्रसंगच जॉर्ज यांच्यावर आता येत नव्हता. मतदारसंघ बिहारात, घर दिल्लीत.

2009 मध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली. ते मुजफ्फरपूरमधून अपक्ष उभे राहिले आणि हरले. तोपर्यंत विस्मृतीच्या आजाराने त्यांना घेरले होते. दहा भाषा बोलणाऱ्या माणसाची शेवटची दहा वर्षे न बोलता गेली. 29 जानेवारी 2019 रोजी ते दिल्लीत वारले.

त्याच महिन्यात मुंबईत बेस्टचा संप झाला होता. 8 जानेवारीला सुरू झालेला तो संप नऊ दिवस चालला. बेस्टच्या इतिहासात एवढा लांबलेला दुसरा नाही. ज्या बेस्ट वर्कर्स युनियनच्या गेट मीटिंगला काका मला नेत, तीच संघटना पुढे होती, आणि तिचे नेतृत्व जॉर्ज यांचे सहकारी शरद राव यांच्या मुलाकडे होते. थांब्यांवर माणसे ताटकळत होती, वर्तमानपत्रे रागावली होती, न्यायालयाने लक्ष घातले आणि संप मिटला. त्यानंतर बेस्टने कंत्राटदारांच्या बस मोठ्या प्रमाणावर घेतल्या. बस कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, रंग मात्र बेस्टचा. ऑगस्ट 2023 मध्ये या कंत्राटी चालकांनीही काम बंद केले, आठवडाभर. पगारवाढ हवी होती, मोफत बसप्रवास हवा होता. तेव्हा मी मुद्दाम एका डेपोपाशी जाऊन उभा राहिलो. तरुण मुले होती, घोळक्याने उभी, हातात फोन. स्टूल नव्हते. मी एकाला विचारले, बोलणी कोणाशी चालली आहेत. तो म्हणाला, "तेच तर कळत नाही, काका. बेस्टवाले म्हणतात तुमचा मालक कंत्राटदार, कंत्राटदार म्हणतो पैसे बेस्ट देते." मग त्याने मला विचारले, तुम्ही युनियनचे का. मी नाही म्हणालो, आणि तो पुन्हा त्या घोळक्यात गेला, जिथे कोणीतरी फोनवर आलेला निरोप मोठ्याने वाचत होता आणि मागून कोणीतरी विचारत होता, की नव्याने भरती झालेल्यांचे काय.